संशोधनाचा निष्कर्ष कोणाच्या हाती?

सरकारी पैशातून जे संशोधन होते त्याचे पुढे काय होते, हा आजचा विषय आहे. हा विषय प्राध्यापकांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात का पडावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. ती रास्त आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. परंतु शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून संघटनेचे काम करताना एक गोष्ट माझ्या वारंवार नजरेस आली. संशोधन ज्यांच्या पैशावर चालते आणि ज्यांच्या शरीरावर चालते, त्यांच्याच हाती त्याचा निष्कर्ष सर्वांच्या शेवटी पडतो. पुष्कळदा पडतच नाही. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. आपल्या देशात वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आहे, उद्योगोपयोगी संशोधनासाठी १९४२ साली स्थापन झालेली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आहे, शेतीसाठी वेगळी परिषद आणि कृषी विद्यापीठे आहेत. या सर्वांचा मुख्य आधार सरकारी खजिना. आणि खजिना म्हणजे काय? साबणाची वडी घेणारी मोलकरीणसुद्धा त्यावरचा कर भरते, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकात तिचाही एक कण आहे. तेव्हा तेथे काय दिसले हे विचारण्याचा तिचा हक्क कोणाच्या मेहेरबानीचा नव्हे.

आता संशोधन पुरे झाले म्हणजे काय होते ते पाहू. संशोधक आपला निष्कर्ष लेखाच्या रूपाने एखाद्या नियतकालिकाकडे पाठवतो. त्या विषयाचे दुसरे जाणकार तो तपासतात, चुका दाखवतात, आणि मग तो छापला जातो. ही तपासणी आवश्यकच आहे. तिच्यावाचून खरे-खोटे एकाच तागडीत पडेल. परंतु हे लेख बहुतेक इंग्रजीत असतात, आणि नियतकालिकाची वर्गणी भरणाऱ्या संस्थेबाहेरच्या माणसाला एक लेख वाचण्यासाठी अनेकदा डॉलरमध्ये किंमत मोजावी लागते. संशोधकाची बढती अशा लेखांवर ठरते. आपला निष्कर्ष त्याने गावच्या चावडीवर जाऊन समजावून सांगितला, तर त्याबद्दल त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. दोष एकट्या संशोधकाचा नाही. कामाची मोजणीच तशी आहे.

मग सरकारी संशोधन लोकांपर्यंत कधी पोहोचतच नाही काय? पोहोचते, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्या पंचगंगेच्या काठीच उभा आहे. ‘को ८६०३२’ हा ऊस ठाऊक नाही असा शेतकरी या जिल्ह्यात मिळणे कठीण. या नावातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. तेथील ऊस प्रजनन संस्था १९१२ सालची. पुढचे ८६ म्हणजे १९८६ साल आणि त्यापुढचा आकडा त्या वर्षातला अनुक्रम. हा वाण पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात पारखला गेला आणि महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने त्याची शिफारस झाली. शेतकरी मात्र त्याला आकड्यानेच ओळखतो. कोइमतूरच्या प्रयोगशाळेतला क्रमांक कागल-शिरोळच्या बांधावर कसा पोहोचला? कारण मध्ये वाट होती. साखर कारखान्याचा शेती विभाग होता, बेणेमळा होता, गट कार्यालय होते. ऊस चांगला आला तर शेतकऱ्याचा लाभ आणि कारखान्याचाही लाभ. जेथे निष्कर्ष पोहोचवण्यात कोणाचा तरी लाभ असतो, तेथे वाट आपोआप तयार होते.

ज्या निष्कर्षामागे असा लाभ नसतो, त्याचे काय होते? माझ्या वयाच्या सर्वांनी लहानपणी पाटीवर अक्षर गिरवले आहे. ती पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौर भागात दगड कापून होत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा ५९३ कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी ५४.६ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांना सिलिकोसिस झाला होता. त्याच कामगारांच्या पुढील पाहणीत रोग झपाट्याने वाढत असल्याचेही दिसले. काम मोलाचे होते, निष्कर्ष भयंकर होता. तो १९८५ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. त्या पेन्सिलीने ‘ग म भ न’ शिकलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या कानी ही गोष्ट आजवर आली होती?

सिलिकोसिस म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे, कारण कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव आहे. साच्याच्या वाळूत सिलिका असते. कास्टिंग साच्यातून फोडून काढताना आणि फेटलिंगच्या वेळी ग्राइंडरने त्याच्या कडा साफ करताना तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ पुष्कळशी नाकातच अडकते. जी दिसत नाही ती बारीक धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तेथे व्रण धरतात. हे व्रण पुसणारे औषध नाही. धुळीतले काम सोडल्यानंतरही रोग वाढू शकतो. अशा माणसाला क्षय जडण्याचा धोका अधिक असतो, आणि कित्येकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून उपचार चालू राहतात. म्हणून येथे सारी मदार वेळेवर आहे. धूळ पाण्याने दाबणे, उडते तेथेच ती ओढून घेणारे यंत्र बसवणे, तोंडाला फडके न बांधता योग्य जातीचा मुखवटा वापरणे, हे सर्व उपाय छाती धड असेतोच कामाचे. उशिरा कळलेला निष्कर्ष शास्त्राच्या उपयोगी पडेल, त्या माणसाच्या पडणार नाही.

याचा एक अनुभव सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात तपासणी पथक आले. हवेतील धूळ मोजली, माणसांना नळीत फुंकायला लावले, छातीचे फोटो काढले. मंडळी सभ्य होती, कष्टाळू होती. निघताना एका फेटलरने विचारले, “साहेब, माझ्या छातीत काय निघालं ते तेवढं सांगून जावा की.” उत्तर मिळाले, “अहवाल वर जाईल, तुम्हाला कळवतील.” कोणी कळवले नाही. दोन वर्षांनी एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला इंग्रजी लेखाचा सारांश दाखवला. कारखान्याचे नाव नव्हते, पण वर्णनावरून आम्ही ओळखले. आमची माणसे त्यात टक्केवारी होऊन बसली होती. त्या टक्क्यांत आपण आहोत की बाहेर, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याने प्रश्न विचारला होता तो तोवर दम लागतो म्हणून काम सोडून गावी गेला होता.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अशिक्षित माणसाला शास्त्र समजणार नाही. ज्याला वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते ओतायला आले की नाही हे समजते, त्याला ‘ही धूळ छातीत साठते’ एवढे समजणार नाही, असे म्हणणे धाडसाचे आहे. दुसरा आक्षेप, भीती पसरेल. भीती अज्ञानाने अधिक पसरते. निष्कर्षाबरोबर उपाय सांगितला तर भीतीची खबरदारी होते. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो कामगारच घेतात. छातीत दोष निघाला असे मालकाला कळले तर नोकरी जाईल, ही ती भीती. ती काल्पनिक नाही, मी स्वतः पाहिली आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एका माणसाचा तपास फक्त त्या माणसाच्या हाती, बंद पाकिटात, समजावून सांगून द्यावा; आणि साऱ्या खात्याचा एकत्रित निष्कर्ष, नावे वगळून, फाटकावरच्या फळ्यावर मराठीत लावावा. हे दोन्ही एकत्र करण्याने घोटाळा होतो, आणि दोन्ही दडवण्याने अन्याय होतो.

परंतु नुसता फळा लावून भागेल काय? याचे उत्तर देणारा एक प्रयोग आपल्याच मुलखात झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा पुणे केंद्रावरून शेतीचा व गावच्या सुधारणेचा कार्यक्रम होई. एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि तुलनेसाठी मंडळे नसलेली गावेही तपासली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले होते. इतर गावांत, रेडिओ असूनसुद्धा, वाढ नगण्य होती. या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

या प्रयोगाचे तात्पर्य फार मोठे आहे. माहिती कानावर पडणे निराळे आणि ती आपली होणे निराळे. चार माणसे एकत्र बसून ‘हे आपल्याला कसे लागू पडते’ असा खल करतात, न पटलेले उलट विचारतात आणि त्यांना उत्तर मिळते, तेव्हाच निष्कर्ष मुरतो. जाण्याची वाट आहे पण परतीची नाही, असा रस्ता अर्धाच म्हटला पाहिजे. आणि परत आलेल्या प्रश्नाने संशोधकाचाही लाभ होतो. कोणत्या पाळीत धूळ अधिक असते, पंखा कोणत्या तासाला बंद ठेवतात, पाहणीच्या दिवशी काम मुद्दाम संथ चालले होते की काय, हे त्याला यंत्र सांगणार नाही, कामगार सांगेल.

कायद्याचे साहाय्य अगदीच नाही असे नव्हे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामातील धोका कामगाराला सांगण्याचे आणि त्याच्या आरोग्याची नोंद त्याला पाहू देण्याचे बंधन मालकावर आले. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयांना आपली माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयास सांगितले; न केल्यास दहा रुपयांच्या अर्जाने ती मागता येते. २०१४ साली केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी आपल्या पैशातून झालेले लेख सर्वांना विनामूल्य खुले असावेत असे धोरण जाहीर केले. २०२४ साली सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी विद्यापीठांना व संशोधन संस्थांना एकत्र मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. विद्यार्थ्यांचा त्याने मोठा फायदा होईल, यात संशय नाही. पण ही कुलुपे उघडली तरी आतला लेख इंग्रजीतच आहे. दार उघडणे हे अर्धे काम. हाताला धरून आत नेणे हे उरलेले अर्धे, आणि ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

ते आपण करावयाचे आहे. संघटनेच्या वतीने आम्ही आता एक साधा नियम धरला आहे. कोणीही तपासणीस आले की दार अडवायचे नाही, उलट मदत करायची. मात्र सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारायचे. निष्कर्ष आम्हाला कधी सांगाल? मराठीत कोण सांगेल? आमचे प्रश्न घेऊन परत कोणाकडे यायचे? ही उत्तरे लिहून घ्यायची, सही घ्यायची आणि तारीख लक्षात ठेवायची. विद्यापीठाने प्रत्येक प्रबंधाबरोबर दोन पानांचा मराठी गोषवारा मागितला, आणि ज्या गावात वा कारखान्यात काम झाले तेथे एक सभा घेतल्यावाचून ते पुरे झाले असे मानले नाही, तर त्याला खर्च फार येणार नाही. डॉक्टर, शिक्षक, वार्ताहर असे जे श्रोते येथे आहेत, त्यांनी वर्षातून एक निष्कर्ष जरी सोप्या मराठीत एखाद्या तालमीत, एखाद्या पाळीच्या सुटीत समजावून सांगितला, तरी पुष्कळ होईल.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव अशा माला उभ्या राहिल्या, त्या विद्या चार भिंतींबाहेर यावी याच हेतूने. त्या फेटलरचा प्रश्न तेवढाच साधा होता. माझ्या छातीत काय निघाले? त्याने कर भरला होता, छातीही दिली होती. पुढच्या वेळी असा प्रश्न विचारणाऱ्याला तो कामावर असतानाच उत्तर मिळावे, यापेक्षा अधिक माझे मागणे नाही.