गेटवे ऑफ इंडिया पाहायला जावं का?

मुंबईच्या गेटवेला तिकीट नाही. पण लोकलचा प्रवास, अर्धा दिवस आणि उन्हातली पायपीट आपल्याच खिशातून जाते. तेव्हा आधी हिशेब करावा.

प्रथम, तिथे काय नाही ते जाणून घ्या. आत संग्रहालय नाही, वर चढता येत नाही, सावलीही फारशी नाही. नुसती कमान पाहायला अर्धा तास पुरतो.

मग वार निवडा. इथेच बहुतेकांची चूक होते. इथून बोटीने जायची घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. त्या दिवशी बोटीच्या आशेने आलेली कुटुंबं हिरमुसून परततात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळेही बोटी थांबतात. रविवारी संध्याकाळी गर्दी फार. सुरक्षा तपासणी असते, त्यामुळे मोठ्या बॅगा टाळा.

वेळही महत्त्वाची. कमान पूर्वेला, समुद्राकडे तोंड करून उभी आहे. सकाळी चौकातून फोटो काढाल तर सूर्य समोर येतो आणि कमान काळी दिसते. दुपार कलल्यावर तोच पिवळा बेसॉल्ट दगड उजळतो.

पोहोचल्यावर मात्र घाई करू नका. १९११ मध्ये ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज इथे उतरले, त्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू. पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. म्हणजे राजाने ही कमान त्या भेटीत पाहिलीच नाही. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी गुजरातच्या जुन्या वास्तुशैलीतून घेतलेल्या टोकदार कमानी आणि दगडी जाळ्या निरखून पाहा. भारतीय, इस्लामी आणि युरोपीय बांधणीच्या या मिश्रणाला इंडो-सारासेनिक शैली म्हणतात. समोरच्या रस्त्याशी कमान सरळ रेषेत नाही, हेही लक्षात येईल. तिच्यापर्यंत येणारा नियोजित रस्ता पैशांअभावी झालाच नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. मला तरी ही जागा त्या दिवसासाठी मोलाची वाटते.

शेवटी जोड ठरवा. विटेट यांनीच आराखडा केलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्याजोगं आहे. तिथे तिकीट आहे, पण दोन-तीन तास सहज जातात.

कल्याण किंवा विरारहून केवळ कमानीसाठी येत असाल, तर येऊ नका. संग्रहालय किंवा घारापुरी जोडून येत असाल, तर जरूर या.