खडीचे मोजमाप : चाळणी की छायाचित्र?

लखनऊमधील आलमबागला लागून असलेल्या मानकनगर येथे रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेचे, म्हणजेच 'आरडीएसओ'चे मुख्यालय आहे. देशातील लोहमार्गांखाली अंथरल्या जाणाऱ्या खडीचे निकष ही संघटना निश्चित करते. हे निकष चाळणीवर आधारलेले आहेत. खाणींमध्ये मात्र छायाचित्रावरून दगडांचा आकार मोजणारी संगणकप्रणाली वापरली जाते. ती चाळणीची जागा घेऊ शकते का, हा कळीचा प्रश्न आहे.

टक्क्यांवर ठरणारा मोबदला

२००४ च्या निकषांनुसार यंत्राने फोडलेल्या खडीपैकी ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर वजनाने जास्तीत जास्त ५ टक्के, ४० मिलिमीटरच्या चाळणीवर ४० ते ६० टक्के आणि २० मिलिमीटरच्या चाळणीवर किमान ९८ टक्के खडी राहिली पाहिजे. ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर ५ ते १० टक्के खडी उरल्यास संपूर्ण ढिगाच्या दरात ५ टक्के कपात होते. त्याहून अधिक उरल्यास ढीग नाकारला जातो. बारीक चुरा वाढल्यास पाण्याचा निचरा खुंटतो आणि मार्ग खचू लागतो. त्यामुळे मोजमापातील लहानशी चूकही महाग पडते.

चूक कोठे होते?

कॅनडातील 'विपफ्रॅग', अमेरिकेतील 'स्प्लिट' आणि नागपूरच्या केंद्रीय खाण संशोधन केंद्राच्या सहभागाने विकसित झालेली 'फ्रॅगॅलिस्ट' या अशा प्रणाली आहेत. छायाचित्रात ठेवलेल्या ज्ञात मापाच्या वस्तूवरून प्रमाण ठरते व प्रत्येक दगडाची कड आखली जाते.

परंतु कॅमेऱ्याला केवळ ढिगाचा पृष्ठभाग दिसतो. बारीक खडी फटींमधून खाली उतरते आणि मोजणीतून सुटते. सावलीमुळे दोन दगड एकच भासतात, तर भेगेमुळे एकाच दगडाचे दोन होतात. शिवाय छायाचित्रातून क्षेत्रफळ मिळते, निकष मात्र वजनाचे आहेत. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने व्यासात १० टक्के चूक झाल्यास वजनाचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी चुकतो.

सुरुंग स्फोटानंतरच्या प्रचंड ढिगाला चाळणी लावणे व्यवहार्य नसते. तेथे एका स्फोटाची दुसऱ्याशी तुलना करण्यास ही प्रणाली उपयुक्त ठरते. त्याच खाणीतील चाळलेल्या नमुन्याशी तिचे निष्कर्ष जुळवून घेतल्यास विश्वासार्हता वाढते. मात्र एका टक्क्याच्या फरकाने ढीग स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरत असेल, तेथे अंतिम निर्णय चाळणीवरच सोपवणे इष्ट ठरते.