शीतखोलीचा उष्णताभार कसा काढावा?

द्राक्षाचा घड वेलीवरून उतरला म्हणजे त्याचे जीवन लगेच थांबते असे नाही. तो श्वसन करीतच असतो आणि त्यातील पाणी हवेत उडत असते. हवा जितकी तप्त, तितकी ही हानी अधिक. प्रथम देठ तपकिरी पडतात, मागाहून मणी सैल होऊन गळू लागतात आणि वर्षभराच्या कष्टाचा माल हलक्या भावाने द्यावा लागतो. म्हणून नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी व निफाड, तसेच सांगली जिल्ह्यातील तासगाव अशा द्राक्षांच्या भागांत शीतगृहांना फार महत्त्व आले आहे. १९९१ साली 'महाग्रेप' ही संस्था स्थापन झाली. द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी तिच्यामार्फत परदेशी माल पाठविण्यास आरंभ केल्यापासून, काढणीनंतर माल ताबडतोब थंड करण्याची पद्धत पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे.

अलीकडे पाच-दहा टन माल राहील अशा लहान शीतखोल्या शेतकऱ्यांचे गट स्वतःच बांधू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु यंत्राची निवड करताना एक चूक वारंवार घडताना आढळते. खोलीची लांबी-रुंदी सांगितली जाते, विक्रेता त्यावरून 'इतक्या टनांचे यंत्र लागेल' असे सांगतो आणि यंत्र बसविले जाते. रिकामी खोली दोन तासांत थंडगार होते व सर्वांचे समाधान होते. पुढे हंगाम सुरू होतो, दुपारी माल आत येतो आणि मध्यरात्र झाली तरी मणी कोमटच राहतात. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक चूक यंत्राची नसून हिशेबाची असते.

हा हिशेब अवघड नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणाही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास तो करता येईल. तो कसा करावा हे या लेखात एका उदाहरणाने दाखविले आहे.

उष्णताभार म्हणजे काय?

शीतयंत्र 'थंडी' निर्माण करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम आहे. विहिरीत झऱ्यांनी पाणी येत असते व पंपाने ते उपसले जाते. झऱ्यांची आवक उपशापेक्षा अधिक असेल तर विहिरीचा तळ कधीच दिसणार नाही. त्याचप्रमाणे खोलीत येणारी उष्णता यंत्राच्या उपशाहून अधिक असेल तर खोली थंड होणार नाही. खोलीत येणाऱ्या या एकंदर उष्णतेस उष्णताभार म्हणतात.

उष्णता मोजण्यास आपण विजेच्या बिलावरील 'युनिट' हेच माप घेऊ. एक किलोवॉटची शेगडी एक तास चालली म्हणजे एक युनिट उष्णता बाहेर पडते. दर तासाला एक युनिट उष्णता उपसणाऱ्या यंत्राची शक्ती एक किलोवॉट समजावी. व्यापारात यंत्राची शक्ती 'टना'त सांगतात. या टनाचा मालाच्या वजनाशी काही संबंध नाही. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितका उपसा म्हणजे एक टन. तो सुमारे ३.५ किलोवॉट होतो.

उदाहरणाची खोली

खोली आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. भिंती, छत व जमीन यांना १०० मिलिमीटर जाडीचा पफ या उष्णतारोधक फेसाचा थर आहे. खोलीत ५ टन द्राक्षे राहतात आणि रोज १ टन नवी द्राक्षे येतात. मार्च-एप्रिलमधील कडक दिवस घेऊन बाहेरचे तापमान ३८ अंश सेल्सिअस धरू. आतील तापमान शून्य अंश ठेवावयाचे आहे. रात्री बाहेर गारवा असतो हे खरे, परंतु यंत्र निवडताना वाईटात वाईट दिवस धरणेच शहाणपणाचे ठरते.

१. भिंती, छत व जमीन यांतून येणारी उष्णता

वर सांगितलेल्या थराच्या एका चौरस मीटरमधून, दोन बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असता, सुमारे ०.२५ वॉट उष्णता आत शिरते. क्षेत्रफळ, हा आकडा व तापमानातील फरक यांचा गुणाकार करावा.

भिंतींचे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर व फरक ३८ अंश, म्हणून ३९९ वॉट. छत १२ चौरस मीटर. ते उन्हाने तापते म्हणून फरक ५० अंश धरला, तर १५० वॉट. जमीन १२ चौरस मीटर; भूमीचे तापमान २७ अंश धरता ८१ वॉट. एकूण ६३० वॉट, म्हणजे दिवसाला सुमारे १५ युनिट.

थर न देता केवळ नऊ इंची विटांच्या भिंती ठेवल्या तर ०.२५ ऐवजी सुमारे २ हा आकडा धरावा लागतो. मग एकट्या भिंतींतूनच दिवसाला ७६ युनिट उष्णता येईल. थरावरील खर्चात काटकसर करू नये ती यासाठीच. हा थर कोरडा राहिला पाहिजे. ओल शिरली की त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. म्हणून थराच्या बाहेरील, म्हणजे उष्ण बाजूस, बाष्प अडविणारे अखंड आवरण असावे व सर्व सांधे नीट बुजवावेत.

२. मालाबरोबर येणारी उष्णता

हा हिशेबाचा गाभा होय. एक किलो द्राक्षे एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. यावरून स्मरणात ठेवण्यास अत्यंत सोपा नियम मिळतो: एक टन द्राक्षे एक अंशाने थंड करावयाची म्हणजे एक युनिट उष्णता काढावयाची.

दुपारी तोडलेल्या मालाचे तापमान ३० अंश असेल, तर तो शून्यावर आणण्यास ३० युनिट उष्णता काढावी लागेल. मालाबरोबर क्रेटही थंड करावे लागतात. वीस किलोंचा एक याप्रमाणे ५० क्रेट, प्रत्येकी दोन किलो वजनाचे धरले, तर त्यांचे सुमारे १.७ युनिट होतात. याशिवाय साठविलेली द्राक्षे श्वसनातून उष्णता सोडतात. शून्य अंशाजवळ ती थोडी असते व पाच टनांस दिवसाला सुमारे एक युनिट पुरे. मात्र २० अंशांवर हेच श्वसन सुमारे दहापट होते. माल लवकर थंड करण्याचे हेही एक कारण आहे.

३. दारावाटे येणारी हवा

दार उघडले की जड थंड हवा खालून निघून जाते व तप्त, दमट हवा वरून आत येते. नित्य वापरात अशा लहान खोलीतील हवा दिवसाकाठी सुमारे १५ वेळा बदलते असे धरण्याची रीत आहे. खोलीचे घनफळ ३६ घनमीटर आहे. एक घनमीटर बाहेरची हवा थंड करण्यास व तिच्यातील बाष्पाचे पाणी होण्यास सुमारे ६० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हा भार दिवसाला ९ युनिट होतो. दारास प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला व माल आणण्या-नेण्याच्या वेळा ठरवून दिल्या, तर तो बराच कमी होतो.

४. माणसे, दिवे व पंखे

शून्य अंशाच्या खोलीत काम करणारा मनुष्य सुमारे २७० वॉट उष्णता देतो. दोन माणसे दोन तास राबली तर १.१ युनिट. दिव्यांचे ०.२ युनिट. हवा खेळविणारे पंखे एकंदर ३०० वॉटचे असून दिवसभर चालत असतील तर ७.२ युनिट. पंखा हवा खेळवितो, परंतु त्याने घेतलेली सारी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते, हे पुष्कळदा विसरले जाते.

एका दिवसाचा ताळेबंद

भिंती, छत, जमीन — १५.१ युनिट
द्राक्षे — ३०.० युनिट
क्रेट — १.७ युनिट
श्वसन — १.० युनिट
दारावाटे हवा — ९.० युनिट
माणसे, दिवे, पंखे — ८.५ युनिट
एकूण — ६५.३ युनिट

अनपेक्षित गोष्टींसाठी दहा टक्के अधिक धरून सुमारे ७२ युनिट. यंत्राच्या नळ्यांवर जमणारे हिम काढण्यास व यंत्रास विश्रांती देण्यास वेळ हवा, म्हणून ते दिवसातून १८ तासच चालेल असे धरावे. ७२ ला १८ ने भागिले असता ४ किलोवॉट, म्हणजे सव्वा टनाच्या आतबाहेरचे यंत्र, असे उत्तर येते.

किती तासांत?

येथेच बहुतेकांची फसगत होते. वरील उत्तर, माल थंड होण्यास १८ तास लागले तरी चालतील, असे गृहीत धरून काढलेले आहे. परंतु न्हावाशेवा बंदरातून दूरदेशी जावयाची द्राक्षे काढणीनंतर काही तासांतच थंड झाली पाहिजेत. तोच एक टन माल सहा तासांत थंड करावयाचा म्हटल्यास द्राक्षे व क्रेट यांच्या ३१.७ युनिटांस ६ ने भागावे लागेल. ते ५.३ किलोवॉट होतात. बाकीचे ३३.६ युनिट चोवीस तासांवर वाटले तर १.४ किलोवॉट. बेरीज ६.७ व दहा टक्के मिळवून सुमारे ७.४ किलोवॉट, म्हणजे दोन टनांहून थोडे अधिक.

खोली तीच, थर तोच, द्राक्षे तीच; केवळ वेळ बदलली आणि यंत्र जवळजवळ दुप्पट लागले. खोलीची लांबी-रुंदी सांगून यंत्र का निवडू नये, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. शिवाय इतक्या त्वरेने माल थंड होण्यास हवा क्रेटांमधून जोराने खेचणारे पंखे लागतात. त्यांची उष्णताही हिशेबात धरावी. नुसते यंत्र मोठे घेतले व क्रेट भिंतीस भिडवून दाटीने रचले, तर मधल्या घडांपर्यंत थंडी पोहोचत नाही.

शेतकऱ्याच्या हातातील उपाय

आता हाच माल दुपारऐवजी पहाटे तोडला व सावलीतून त्वरित आणला असे समजू. मण्यांचे तापमान २० अंश असेल, तर ३० ऐवजी २० युनिटच काढावे लागतील. क्रेटांचे सुमारे १.१ युनिट होतील. सहा तासांच्या हिशेबाने यंत्र ७.४ ऐवजी ५.४ किलोवॉटचे, म्हणजे सुमारे दीड टनाचे पुरेल.

असे यंत्र साधारणपणे एक युनिट वीज घेऊन दोन ते अडीच युनिट उष्णता बाहेर टाकते. दररोज दहा युनिट उष्णता वाचली तर साठ दिवसांच्या हंगामात अडीचशे ते तीनशे युनिट विजेची बचत होते. त्यासाठी एक पैही भांडवल लागत नाही. छतावर सावली केली तर दिवसाला जेमतेम एक युनिट वाचतो. तीही करावी, परंतु पहाटेची तोडणी तिच्याहून दहापट मोलाची आहे.

यंत्र घेताना घ्यावयाची दक्षता

१. घरगुती वातानुकूलन यंत्रावरील टनांचा आकडा खोलीत २७ अंश व बाहेर ३५ अंश तापमान धरून दिलेला असतो. शून्य अंशाच्या खोलीत तेच यंत्र पुष्कळ कमी उष्णता उपसते. म्हणून 'खोलीत शून्य अंश व बाहेर ४० अंश असता हे यंत्र किती किलोवॉट उपसेल?' असा प्रश्न विचारावा व उत्तर लेखी घ्यावे.

२. द्राक्षांस ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. खोलीतील शीतनळ्या अपुऱ्या असल्या तर त्या अतिशय थंड ठेवाव्या लागतात. मग हवेतील ओल त्यांवर गोठते आणि कोरड्या हवेने देठ सुकतात. नळ्यांच्या विस्तारात कसर करू नये.

३. गरजेहून फार मोठे यंत्रही घेऊ नये. ते वारंवार चालू-बंद होते, झिजते व भांडवल अडकवून ठेवते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शीतखोलीचा विचार करणाऱ्या गटाकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: रोज किती माल येणार, येताना त्याचे तापमान किती असणार, तो किती तासांत थंड व्हावयास हवा, खोलीस कोणता व किती जाडीचा थर देणार आणि दार दिवसातून किती वेळा उघडणार. मण्यांचे तापमान अंदाजाने सांगू नये. टोकदार तापमापक मण्यात खुपसून सकाळी व दुपारी प्रत्यक्ष मोजावे. अंतिम आराखडा जाणत्या अभियंत्याकडून करून घ्यावा हे खरेच. परंतु या पाच उत्तरांचा कागद हाती घेऊन गेलेल्या शेतकऱ्यास अपुरे यंत्र गळ्यात बांधून घेण्याची पाळी सहसा येणार नाही.