मशीद आणि तिची दिवाबत्ती

गावात देऊळ उभे राहते. वर्गणी जमते, गवंडी येतात, सुतार येतात. कळस चढतो, जेवणावळ होते. सारा गाव हौसेने राबतो. मग चार-पाच पावसाळे जातात. कौले फुटतात. भिंतीला ओल धरते. दिव्याला तेल कोणी घालायचे, यावरून बोलाचाली होते. इमारत बांधणे एकवेळ सोपे, ती राखणे अवघड. शाळेचे तसेच, विहिरीचे तसेच.

आपले जुने लोक हे जाणून होते. म्हणून ते देवळाला जमीन लावून देत. तिच्या उत्पन्नातून पूजा नि दिवाबत्ती चाले. अशीच व्यवस्था दूर युरोपातल्या एका शहरात एका माणसाने केली. या गोष्टीला आता पाचशे वर्षे होत आली. त्याने बांधलेली मशीद आजही उभी आहे. चला, आज आपण ती पाहून येऊ.

शहर कोठे आहे?

युरोप खंडाच्या आग्नेय भागात बॉस्निया आणि हर्झेगोव्हिना नावाचा देश आहे. त्याची राजधानी सारायेव्हो. हे शहर दरीत वसले आहे. चहूकडे डोंगर आहेत. मधून मिल्याट्स्का नावाची लहानशी नदी वाहते. हिवाळ्यात येथे बर्फ पडते.

तुर्की सुलतानाच्या फौजांनी १४६३ साली बॉस्निया जिंकला. या सुलतानांच्या घराण्याला उस्मानी घराणे म्हणतात. त्यांचा अंमल तेथे १८७८ पर्यंत होता. चारशेहून अधिक वर्षे, बरे का! त्या काळातला जुना बाजार अजून आहे. त्याला बाश्चार्शिया म्हणतात. ठेंगणी दुकाने, लाकडी दारे, लाल कौले. एकेका धंद्याची एकेक गल्ली. पुण्यात जशी तांबट आळी, तशी येथेही तांबटांची आळी आहे. तिचे नाव काझांजिलुक. तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके तेथे आजही ऐकू येतात. दुसऱ्या एका गल्लीचे नाव सराची. सराची म्हणजे खोगीर आणि चामड्याचे सामान करणारे. आपली मशीद याच गल्लीवर आहे.

तेथील भाषा आपल्याहून अगदी निराळी. पण मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघतो. दुकानाला ते 'दुचान' म्हणतात. साखरेला 'शेचेर', तोफेला 'तोप', चहाला 'चाय'. हे शब्द व्यापाऱ्यांबरोबर, शिपायांबरोबर हिंडले. काही आपल्याकडे आले, काही तिकडे गेले.

बांधणारा कोण?

त्याचे नाव गाझी हुस्रेव बेग. गाझी म्हणजे लढाईत नाव मिळवलेला. बेग म्हणजे सरदार. त्याची आई सुलतान दुसरा बायझीद याची मुलगी. हुस्रेव बेग बॉस्नियाचा सुभेदार होता. त्याची हयात मोहिमांत गेली. १५४१ साली तो वारला. पण लढायांपेक्षा त्याने बांधलेल्या गोष्टींमुळेच लोक त्याला आज ओळखतात. मशीद १५३१ च्या सुमारास पुरी झाली. शहरातले लोक तिला नुसते 'बेगोवा जामिया' म्हणतात. म्हणजे बेगची मशीद.

आत जाऊ या

रस्त्यावरून दारातून आत गेले की अंगण लागते. अंगणात मधोमध कारंजे आहे. त्यावर छप्पर आहे. भोवती तोट्या आहेत. नमाजापूर्वी लोक येथे हात, तोंड, पाय धुतात. या मशिदीसाठी हुस्रेव बेगने डोंगरातल्या झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटर लांबून नळाने आणले होते. अंगणाच्या एका बाजूला त्याची घुमटाची कबर आहे.

मशिदीपुढे ओसरी आहे. चार खांब आणि वर पाच लहान घुमट. आत गर्दी झाली, किंवा कोणाला यायला उशीर झाला, तर ते लोक या ओसरीवर नमाज पढतात.

परक्या माणसालाही मशीद पाहता येते. मात्र नमाजाची वेळ सोडून. त्यासाठी तिकीट काढावे लागते. बायकांनी डोक्यावरून पदर किंवा रुमाल घ्यायचा. पुरुषांनीही अंग झाकेल असे कपडे घालायचे. गालिच्यावर पाऊल टाकण्यापूर्वी जोडे काढायचे. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या पुढून जायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. यात अवघड काय आहे? आपणही देवळात जाताना वहाणा बाहेरच ठेवतो.

आत शिरलात की नजर वर जाते. मोठा घुमट सुमारे २६ मीटर उंच आहे. म्हणजे आठ माड्यांच्या घराएवढा. त्याची रुंदी सुमारे १३ मीटर. खाली मधोमध एकही खांब नाही. मग हे वजन कोण पेलते? भिंती चौकोनी आहेत आणि घुमट गोल आहे. चौकोनावर गोल झाकण ठेवले तर कोपरे उघडे राहतात. म्हणून कारागिरांनी चारही कोपऱ्यांत आत झुकणारे त्रिकोणी भाग रचले. भिंतींच्या वर कमानी घेतल्या. त्यावर गोल कडे बसले आणि कड्यावर घुमट. घुमटाचे वजन कमानींवर येते, कमानींचे जाड भिंतींवर आणि भिंतींचे जमिनीवर.

समोरच्या भिंतीत कोनाडा आहे. त्याला मिहराब म्हणतात. मिहराब मक्केची दिशा दाखवतो. नमाज त्या दिशेला तोंड करून पढतात. आपल्याकडच्या मशिदींत मिहराब पश्चिमेच्या भिंतीत असतो, कारण मक्का आपल्या पश्चिमेला आहे. सारायेव्होहून मक्का आग्नेयेला पडते. म्हणून येथला मिहराब आग्नेयेकडे. दिशा निराळ्या, पण ठिकाण एकच. मिहराबाच्या बाजूला पायऱ्यांचे उंच आसन आहे. शुक्रवारी त्यावरून प्रवचन होते. भिंतींवर माणसांची वा प्राण्यांची चित्रे नाहीत. आहेत ती फुले, वेली आणि सुंदर अक्षरे.

बाहेर आलात की शेजारचे उंच घड्याळ पाहा. ते दगडी मनोऱ्यावर आहे. तुमच्या मनगटावरचे घड्याळ आणि हे घड्याळ जुळणार नाही. पण हे बिघडलेले नव्हे हो! या घड्याळात सूर्य मावळला की बारा वाजतात. जुन्या रीतीप्रमाणे दिवसाची मोजणी तेथून सुरू होते. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून मोजतात, तसेच हे. सूर्यास्त तर रोज थोडा पुढे-मागे होतो. म्हणून काटे जुळवण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. तो पायऱ्या चढून वर जातो आणि काटे सरकवतो.

एकटी मशीद नव्हे

आता मुख्य गोष्ट. हुस्रेव बेग मशीद बांधून थांबला नाही. समोरच त्याने मदरसा, म्हणजे पाठशाळा बांधली. ती १५३७ ची. तिच्या छपराला शिशाचे पत्रे होते. म्हणून लोक तिला 'कुर्शुम्लिया', म्हणजे शिशाची, म्हणू लागले. गरिबांना आणि विद्यार्थ्यांना फुकट जेवण मिळावे म्हणून स्वयंपाकघर काढले. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली. लोकांसाठी स्नानगृह बांधले. शौचकूपसुद्धा बांधले.

एवढा खर्च रोजच्या रोज चालायचा कसा? त्यासाठी त्याने दुकाने बांधली. त्याच्या नावाचा दगडी छताचा लांबलचक बाजार आजही आहे. त्यात दोन्ही बाजूंनी दुकाने आहेत. दुकानांचे भाडे येईल, त्यातून मशिदीची डागडुजी व्हायची, शिक्षकांचे पगार व्हायचे, चूल पेटायची. धर्माच्या आणि लोकांच्या कामासाठी अशी मिळकत कायमची लावून देणे, याला वक्फ म्हणतात. वक्फ केलेली वस्तू पुन्हा विकता येत नाही. वारसांना वाटून घेता येत नाही.

हे सारे त्याने तोंडी ठेवले नाही. कागद करून ठेवला. कशासाठी किती खर्च करायचा, कोणी काय काम करायचे, ते लिहिले. मदरशाच्या कागदात एक कलम तर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बांधकाम होऊन जो पैसा उरेल, त्याची चांगली पुस्तके घ्यावीत; वाचणाऱ्यांनी ती वाचावीत, आणि ज्यांना नकल करायची त्यांनी करून घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्या काळी तेथे छापखाना नव्हता. पुस्तक हाताने उतरून घ्यावे लागे. एकेक पुस्तक फार महाग पडे. अशा काळात हे कलम घातले गेले. त्यातून एक ग्रंथालय उभे राहिले.

संकटे आली

कागद पक्का होता. पण शहरावर संकटे यायची ती आलीच. १६९७ साली ऑस्ट्रियाच्या बाजूने लढणारा सरदार युजीन याने शहर जाळले. १८७९ साली पुन्हा मोठी आग लागली. दर वेळी मशीद दुरुस्त झाली. १८९८ साली तिच्यात विजेचे दिवेही आले.

सर्वांत कठीण काळ आला १९९२ मध्ये. युगोस्लाव्हिया नावाचा देश फुटला आणि बॉस्नियात युद्ध पेटले. बॉस्नियातल्या सर्ब फौजांनी डोंगरांवरून शहराला वेढा घातला. हा वेढा एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत होता. जवळजवळ चार वर्षे. वीज नाही, पाणी नाही, जळण नाही. पाण्याच्या रांगेत उभे राहावे, तर तेथेही गोळी यायची. वेढ्यात मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, सगळेच अडकले. हजारो माणसे मेली. मशिदीवर तोफगोळे पडले. घुमट, मिनार, भिंती यांची मोठी नासधूस झाली.

ऑगस्ट १९९२ मध्ये शहरातल्या राष्ट्रीय ग्रंथालयावर तोफगोळे टाकण्यात आले. इमारत पेटली. लाखो पुस्तके जळून गेली. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर उडत होते.

मग हुस्रेव बेगच्या ग्रंथालयाचे काय झाले? तेथे सुमारे दहा हजार जुनी हस्तलिखिते होती. ती वाचली. कशी वाचली? माणसांनी वाचवली. ग्रंथपाल, सफाई करणारी बाई, रात्रीचा पहारेकरी, अशा थोड्या माणसांनी पुस्तके खोक्यांत भरली. खोकी खांद्यावर घेतली. एका जागेवरून दुसऱ्या जागी, तेथून तिसऱ्या जागी ती हलवत राहिले. पहारेकरी तर मूळचा आफ्रिकेतल्या काँगो देशातला. रस्त्यावर गोळ्या चालू असायच्या. घरी पोटाला अन्न नसायचे. तरी त्यांनी खोकी सोडली नाहीत.

पुन्हा उभारणी

१९९६ मध्ये मशिदीची दुरुस्ती सुरू झाली. सौदी अरबस्तानातून पैशाची मदत आली. पण त्या कामात आतली जुनी नक्षी गेली आणि भिंती पांढऱ्याफेक झाल्या. शहरातल्या पुष्कळ लोकांना ते रुचले नाही. आपल्या वाडवडिलांची मशीद अशी नव्हती, असे ते म्हणाले. पुढे तेथल्याच कलावंतांनी भिंतींवर पुन्हा रंग भरले, अक्षरे लिहिली. आज आपण आत जे रंग पाहतो ते हे. म्हणजे दगड जुने, पण रंग नवे. दुसऱ्याची मदत घ्यावी, पण आपली वस्तू कशी असावी हे आपणच सांगावे, हा धडा त्यांना मिळाला.

ग्रंथालयालाही नवी इमारत मिळाली. ती २०१४ साली उघडली. खांद्यावरून हिंडलेली पुस्तके तेथे नीट ठेवली आहेत. मदरसा तर १५३७ पासून चालू आहे.

मशिदीपासून थोडे चालले की जुने ऑर्थोडॉक्स चर्च लागते. ज्यूंचे जुने प्रार्थनामंदिर लागते. ते १५८१ मधले. आता तेथे संग्रहालय आहे. कॅथलिक लोकांचे मोठे चर्चही जवळच आहे. संध्याकाळी उभे राहिले तर बांग ऐकू येते आणि चर्चची घंटाही ऐकू येते. युद्धात इतके होऊनही हा शेजार पुरता मोडला नाही.

मशिदीच्या बाहेरच्या भिंतीला पाण्याच्या तोट्या आहेत. येणारा-जाणारा ओंजळ धरून पाणी पितो. हे पाणी प्यालेला माणूस पुन्हा सारायेव्होला येतो, असे लोक गमतीने म्हणतात. पिणाऱ्याला त्याची जात कोणी विचारत नाही, धर्म कोणी विचारत नाही.

हुस्रेव बेगने दिवाबत्तीची सोय केली, कागद केला, हे फार शहाणपणाचे झाले. पण तोफा सुरू झाल्या तेव्हा तो कागद खोकी उचलायला आला नाही. ती माणसांनाच उचलावी लागली. आपल्या गावातही शाळा असेल, विहीर असेल, चार कपाटांचे वाचनालय असेल. त्याच्या खर्चाची सोय लावली आहे का? आणि वेळ आलीच, तर खांद्यावर घ्यायला माणसे आहेत का? गावाच्या बैठकीत हे दोन्ही प्रश्न एकदा विचारून पाहावेत.