कोंबडीच्या दाण्यातील विष

पावसाळ्यात डब्यातील दाण्यांना कुबट वास येऊ लागला, की "टाकायचे कशाला, कोंबड्यांना घाला" असे घरोघरी म्हणतात. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. अन्न वाया जाऊ नये ही बुद्धी चांगली खरी, परंतु बुरसलेल्या दाण्यापुरती ती फसवी ठरते.

सन १९६० मध्ये इंग्लंडात टर्की पक्ष्यांची एक लाखावर पिले पटापट मेली. रोगजंतू काही सापडेना, म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. बीजगणितात आपण अज्ञाताला 'क्ष' म्हणतो तसेच हे. बदकांची पिलेही मरू लागली. शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडीवर संशय स्थिरावला. तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती. तिने निर्माण केलेल्या विषाला तिच्याच नावातील अक्षरे घेऊन 'अफ्लाटॉक्सिन' म्हणू लागले.

ही बुरशी ओल आणि ऊब यांवर पोसते. मका व भुईमूग तिच्या विशेष आवडीचे. मात्र बुरशी आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. दाणे उन्हात घातले, पुसले, तर बुरशी दिसेनाशी होते. विष तेथेच राहते. चुलीवरच्या नेहमीच्या शिजवण्यानेही ते पुरते नाहीसे होत नाही.

या विषाचा मारा यकृतावर होतो. टर्की किंवा बदकापेक्षा कोंबडी चिवट, त्यामुळे ती लगेच मरत नाही आणि मालकाला पत्ता लागत नाही. ती वाढत नाही, अंडी कमी घालते, साध्या रोगालाही बळी पडते. दोष मात्र हवेला दिला जातो!

मग कोंबडी खाणे सोडावे काय? मुळीच नाही. खाद्यातील विषाचा फार थोडा अंश मांसात उतरतो. काळजात, म्हणजे यकृतात, तो अधिक सापडतो. पक्षी रोगट दिसला तर ते काळीज न खाल्लेले बरे. खरा धोका तेच धान्य माणसाने खाण्यात आहे. आमच्या जन्माआधीची, १९७४ सालची गोष्ट. बडोद्याशेजारच्या पंचमहालात आणि राजस्थानातील बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांना दुसरे धान्य नव्हते. त्यांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरले, आणि शंभरावर माणसे दगावली. घरातली कुत्रीसुद्धा त्याच आजाराने मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपास केला, तेव्हा कारण त्या मक्यात सापडले.

आता आम्ही दाणे खडखडीत वाळवून फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवतो. बुरसलेले दाणे चांगल्यात मिसळून खपवीत नाही; पुरून टाकतो. पेंड घेताना पोत्याच्या तळाशी हात घालून पाहतो. वरची पेंड दुकानदार कोरडीच दाखवितो.