तार जास्त ताणू नये, ढिलीही सोडू नये

भीमजयंतीच्या मिरवणुकीत बेंजो आणि ढोलकी वाजवणारे हात आपल्या वस्त्यांत पूर्वीपासून आहेत. आता त्यांच्या शेजारी गिटारही आली आहे. कॉटन ग्रीनला हार्बरची गाडी पकडली की थोड्या वेळात सीएसएमटी येते आणि तिथून धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांपर्यंत चालत जाता येते. मुलगा किंवा मुलगी हट्ट करते, आईवडील काटकसर करून गिटार घेतात. पहिला महिना उत्साहात जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गिटार कपाटावर चढते, नाहीतर मनगट दुखते म्हणून बंद पडते. दोन्हींचे कारण बहुधा एकच असते: सुरुवातीला अति ताण आणि मग एकदम खंड.

आपल्या घरांत हा प्रश्न नुसत्या छंदाचा नाही. गोदामात माल उचलणारा, शिवणयंत्र चालवणारी, दिवसभर दुचाकीवरून पार्सल पोचवणारा, या सगळ्यांचे पोट हातावर आहे. रियाजाने हात बिघडला तर रोजही बुडतो. म्हणून गिटार शिकताना प्रगती आणि हाताचे आरोग्य या दोन गोष्टी वेगळ्या धरून चालणार नाही.

सोणाची वीणा

अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरात वाढलेला सोण उत्तम वीणा वाजवत असे. भिक्खू झाल्यावर त्याने इतकी कठोर साधना केली की चालून चालून पाय रक्ताळले. काहीच साधत नाही म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेबद्दल विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार ढिल्या सोडल्या तर? सोणाला उत्तर ठाऊक होते. मग प्रयत्नालाही तोच नियम लावायचा, असे तथागतांनी त्याला समजावले. हा उपदेश साधनेसाठी होता, पण वाद्य शिकणाऱ्यालाही तो शब्दशः लागू पडतो.

खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले होते. एवढ्या कामाच्या रगाड्यातही त्यांना वाद्य शिकावेसे वाटले. तेव्हा ‘आता या वयात काय शिकायचे’ हे कारण कुणी पुढे करू नये.

किती वेळ वाजवावे?

क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा असतात आणि ती पिकने न वाजवता बोटांनी वाजवतात. पहिले तीन महिने एका बैठकीत 20 ते 25 मिनिटे पुरेत. मग पाच मिनिटे हात मोकळे सोडावेत, पाणी प्यावे, खांदे फिरवावेत. जमले तर दुसरी बैठक संध्याकाळी करावी. रविवारी सलग तीन तास वाजवून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी बरा.

1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगले विद्यार्थी एकट्याने जास्त रियाज करत होते हे खरे, पण तो तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन. ते झोपही जास्त घेत होते. दिवसा शिकलेली बोटांची हालचाल झोपेत मेंदूत पक्की होते. रात्रपाळी करून आलेल्याने आधी झोप घ्यावी, मग गिटार.

प्रगती मोजायची कशी?

एक वही ठेवा. तारीख, वाजवलेला तुकडा आणि लय एवढेच लिहा. मोबाइलवर मेट्रोनोम फुकट मिळतो. मिनिटाला 60 ठोक्यांवर दोन ओळी सलग तीनदा बिनचूक आल्या, तरच 64 वर जावे. चुकले तर पुन्हा 60 वर यावे. संपूर्ण गाणे वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवू नये. जिथे अडते ती चार मात्रांची जागाच वेगळी काढून वाजवावी. महिन्याभराने वही उघडली की आपण किती पुढे आलो ते दिसते. ‘मला जमत नाही’ ही भावना बरीचशी मोजमाप नसल्यामुळे येते. पुढे परीक्षा द्यायची असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा मुंबईतही होतात. त्यात प्रारंभिक पायरीनंतर आठ ग्रेड असतात. दरवर्षी एक ग्रेड झालीच पाहिजे असा नियम मात्र कुठेही नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत

पलंगावर लोळून किंवा भिंतीला टेकून वाजवू नये. खुर्चीच्या पुढच्या कडेवर ताठ बसावे आणि गिटार डाव्या मांडीवर घ्यावी. डाव्या पायाखाली छोटे स्टूल हवे. ते नसेल तर कापडात गुंडाळलेली वीट किंवा लाकडी पाट चालतो. मनगट शक्य तितके सरळ असावे. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागे हलका टेकवावा, आवळू नये. बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेवले की कमी जोरातही स्वर स्वच्छ येतो. शेजारी कुणी झोपले असेल तर ब्रिजजवळ तारांखाली रुमाल सरकवावा, आवाज निम्म्याहून कमी होतो.

क्लासिकल गिटारला लोखंडी तारा कधीही लावू नयेत. त्यांचा ताण जास्त असतो, त्याने मान वाकते आणि बोटांनाही त्रास होतो. लहान मुलांना अर्ध्या किंवा पाऊण मापाची गिटार घ्यावी. मोठ्या गिटारवर हात ताणून मुलांचे खांदे दुखतात. पावसाळ्यात ओलसर भिंतीला गिटार टेकवून ठेवू नये.

उजव्या हाताची नखे वाढवावीत असे बरेच शिक्षक सांगतात. पण पोती-खोकी उचलणाऱ्याचे नख टिकत नाही, त्याने निराश होऊ नये. फर्नांदो सोर (1778-1839) हा गिटारचा मोठा रचनाकार नखांशिवाय, बोटांच्या मांसल टोकांनी वाजवत असे. त्याने येणारा आवाज मऊ आणि गोड असतो.

कोणते दुखणे साधे, कोणते नाही?

सुरुवातीचे काही आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोके हुळहुळतात. हे साधे आहे. कातडी घट्ट झाली की थांबते. फोड आला तर दोन दिवस वाजवू नये.

मात्र पुढील खुणा दिसल्या तर रियाज थांबवावा:

- मनगट किंवा कोपरातील दुखणे दुसऱ्या दिवशीही राहणे.
- अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे, विशेषतः रात्री. मनगटातील शीर दाबली गेल्याचे हे लक्षण असू शकते.
- वाजवताना एखादे बोट आपोआप आत वळणे.

शेवटच्या त्रासाला फोकल डिस्टोनिया म्हणतात. अमेरिकेतील गिटारवादक डेव्हिड लाइस्नर यांची वादनाची वाट 1980 च्या दशकात याच विकाराने अडवली होती. हात कसा वापरायचा हे नव्याने शिकून ते पुन्हा मंचावर आले, पण त्यात वर्षे गेली. दुखणे सहन करून वाजवणे म्हणजे जिद्द नव्हे.

वेदनाशामक गोळी खाऊन रियाज चालू ठेवू नये. परळचे के.ई.एम. रुग्णालय आपल्यापासून लांब नाही. तिथे अस्थिरोग आणि फिजिओथेरपी असे दोन्ही विभाग आहेत. डॉक्टरांना आपले काम कोणते, वजन किती उचलतो आणि गिटार किती वेळ वाजवतो, हे तिन्ही सांगावे. नुसते ‘हात दुखतो’ सांगितल्याने खरे कारण सापडत नाही.

आईवडिलांना एक विनंती. ‘गिटार वाजवून पोट भरणार का?’ असे मुलांना विचारू नका आणि ‘एवढे पैसे घातलेत, आता दोन तास बस’ असेही म्हणू नका. रात्री जेवणापूर्वी अर्धा तास टीव्ही बंद ठेवा आणि मुलाला किंवा मुलीला खुर्ची मोकळी करून द्या. आजची तारीख वहीत लिहिली की नाही, एवढे विचारा.