फ्रान्समधील वाईनची प्रतवारी, खरेदी आणि मुरवण

आपल्याकडे द्राक्षाचा भाव मण्याचा आकार, रंग आणि गोडी पाहून ठरतो. माल गाडीत भरला की बागेचे नाव मागे राहते. फ्रान्समध्ये मात्र काही बागांची नावे दीडशे वर्षांहून अधिक काळ भाव मिळवून देत आहेत. नाशिक भागात वाईनसाठी द्राक्षे लावणाऱ्यांनी हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे.

१८५५ साली पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्डो शहराच्या व्यापारी मंडळाने दलालांकडून उत्तम वाईनची यादी मागविली. दलालांनी माती तपासली नाही. आपल्या दप्तरातील अनेक वर्षांचे भाव पाहून त्यांनी तांबड्या वाईनच्या पाच श्रेणी पाडल्या. लाफित, लातूर (आपल्या लातूरशी याचा काही संबंध नाही), मार्गो आणि ओ-ब्रियाँ या चार बागा पहिल्या श्रेणीत आल्या. थोडक्यात, ज्याला भाव तो श्रेष्ठ. आणि श्रेष्ठ ठरला म्हणून त्याला पुन्हा भाव! ही यादी आजही चालू आहे. तिच्यातील मोठी बढती एकच. १९७३ साली मूताँ ही बाग दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेली. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री जाक शिराक पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

येथे श्रेणी मालमत्तेच्या नावाला असते. त्याच पट्ट्यातील शेजाऱ्याची जमीन घेऊन जोडली तरी श्रेणी बदलत नाही. बर्गंडी प्रांतातील रीत याच्या उलट आहे. तेथे श्रेणी शेताला, म्हणजे आपल्या भाषेत गट नंबरला मिळते. उताराच्या मध्यावरील, चुनखडीची व चांगल्या निचऱ्याची जमीन बहुधा वरच्या श्रेणीत असते. परंतु वाटण्या तेथेही झाल्या आहेत. क्लो द वूजो या सुमारे ५० हेक्टर क्षेत्राचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. शेत एक, पण वाईन प्रत्येकाची निराळी. म्हणून जाणकार गिऱ्हाईक शेताबरोबर उत्पादकाचेही नाव वाचते.

वरच्या श्रेणीला उत्पादनाची मर्यादाही पाळावी लागते. बर्गंडीच्या सर्वोच्च श्रेणीतील तांबड्या वाईनसाठी ती हेक्टरी साधारण ३५ हेक्टोलिटर, म्हणजे पाच टनांच्या आसपास द्राक्षे, इतकी आहे. हेक्टरी वीस टनांची बाग पाहणाऱ्या आपल्या बागायतदाराला हा आकडा पचणे कठीण!

बोर्डोच्या नामांकित वाईनची विक्री ती बाटलीत भरण्यापूर्वीच होते. काढणीनंतरच्या वसंत ऋतूत व्यापारी पिपातील कच्च्या वाईनची चव घेतात. बागेचा मालक भाव जाहीर करतो, दलाल सुमारे दोन टक्के घेऊन सौदा जुळवितो आणि शहरातील व्यापारी तो माल पुढे देशोदेशी विकतो. पैसे आधी भरायचे, बाटली एक-दोन वर्षांनी मिळते. आपल्याकडे माल नेऊन व्यापाऱ्याने पैसे बुडविण्याची भीती शेतकऱ्याला असते. येथे जोखीम गिऱ्हाइकाची आहे. २००९ व २०१० च्या हंगामातील वाईन चढ्या भावाने घेणाऱ्या अनेकांचे पैसे पुढे बरीच वर्षे अडकून पडले. लातूर या बागेने तर २०१२ साली ही आगाऊ विक्रीच सोडली.

मुरविण्याविषयी एक गैरसमज आहे. जुनी ती चांगली, असे सरसकट नसते. बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यावयाचीच असते. ज्या तांबड्या वाईनमध्ये साल व बियांतून आलेला तुरटपणा, आम्लता आणि अर्क भरपूर असतो, तीच टिकते. ती प्रथम २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिपात वर्ष-दीड वर्ष ठेवतात. नंतर बाटलीत तुरट द्रव्ये हळूहळू एकत्र येऊन तळाशी गाळ बसतो व चव मवाळ होते. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवतात. तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअस आणि स्थिर असावे लागते, तसेच अंधार हवा. मे महिन्यात आपल्या कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते.

बोर्डोतील हजारो द्राक्ष उत्पादकांपैकी १८५५ च्या तांबड्या वाईनच्या यादीत बागा साठेकच आहेत. बाकीच्यांची वाईन साध्या भावाने जाते आणि तिचा खप घटत आहे. २०२३ साली त्याच बोर्डोत सुमारे ९,५०० हेक्टर द्राक्षबागा उपटून टाकण्याची योजना जाहीर झाली. मदत होती हेक्टरी ६,००० युरो.